‘देव’ या शब्दाची अडचण

माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये दर बुधवारी नोव्हेना असते. त्या दिवशी तिथल्या गर्दीत कुंकू लावलेल्या बायका दिसतात, बुरख्यातल्या दिसतात, परीक्षेच्या धास्तीने आलेली कॉलेजची मुलंही दिसतात. त्यांतल्या एखाद्या मावशींना ‘येशू देव आहे का हो?’ असं विचारलं, तर त्या बहुधा आपल्यालाच वेड्यात काढतील. देव नसता तर त्या लोकल बदलून इतक्या लांब आल्या असत्या का? नोव्हेना मारियेची असते, म्हणजे त्यांच्या हिशेबी मारिया ही देवी. आतल्या फादरना मात्र हे चालणार नाही. मारियेला ते ‘देवमाता’ म्हणतील, ‘देवी’ म्हणणार नाहीत. एका शब्दाच्या फरकासाठी इतका आग्रह कशाला, असं मावशींना वाटेल. पण येशूबद्दलची सगळी भांडणं अशाच एकेका शब्दावरून, अक्षरावरून झालेली आहेत.

मराठीतला ‘देव’ फार ऐसपैस आहे. विठोबा देव, म्हसोबा देव, वेशीवरचा शेंदूर फासलेला दगड देव, आलेला पाहुणा देव, आणि रात्री दोन वाजता दार उघडणारा डॉक्टर देवमाणूस. वरपासून खालपर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी बसलेलं आहे. या पंगतीत येशूसाठी एक पाट मांडायला कोणाची हरकत असणार?

हरकत होती ती तो ज्या समाजात जन्मला त्या ज्यू समाजाची. त्यांच्याकडे पायऱ्या नाहीत, एक रेघ आहे. रेघेच्या पलीकडे निर्माता एकटा. अलीकडे बाकी सगळं : तारे, देवदूत, राजे, संदेष्टे, मुंग्या. ‘शमा’ ही प्रार्थना ज्यू माणूस सकाळ-संध्याकाळ म्हणतो, ती या एकटेपणाचीच ग्वाही आहे. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे गावकऱ्यांचे शनिवार तेली, शतकानुशतकं बाकीच्या ज्यूंपासून तुटलेले होते. इतर बरंच काही विसरलं, पण शमा तोंडी राहिली असं परंपरा सांगते. एवढं त्या प्रार्थनेचं वजन. ज्यू ज्याची वाट पाहतात तो मसीहासुद्धा रेघेच्या अलीकडचाच, दाविदाच्या कुळातला माणूस. 1263 साली बार्सिलोनात राजासमोर जाहीर वाद झाला, तेव्हा नाख्मानिदिस या रब्बीने हेच सांगितलं : वादाचं मूळ मसीहा आला की नाही यात नाही. स्वर्ग-पृथ्वीच्या निर्मात्याने एका बाईच्या उदरात नऊ महिने राहावं, हे ज्यूच्या बुद्धीला पटत नाही.

म्हणून ‘येशू देव आहे का?’ या प्रश्नाचा खरा अर्थ ‘येशू रेघेच्या कोणत्या बाजूला?’ असा आहे. असं विचारलं की उत्तरं भराभर सुटी होतात.

आता पेच असा, की पहिले ख्रिस्ती सगळे ज्यूच होते. रेघ त्यांनी पुसली नव्हती, आणि तरी येशूची भक्ती मात्र ते करू लागले होते. इ.स. 112च्या सुमाराला प्लिनी नावाचा रोमन सुभेदार आपल्या सम्राटाला कळवतो, की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून गाणी म्हणतात. म्हणजे आरती आधी सुरू झाली, शास्त्रार्थ मागून आला. नव्या करारात दोन्ही बाजूंना पुरेल इतका दारूगोळा आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला आणि पित्याला एक म्हणतो, आणि चार अध्यायांनी पिता आपल्याहून थोर असल्याचं सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानात कोणी ‘उत्तम’ म्हटलं तर त्याला अडवतो, उत्तम फक्त देव. याच्या उलट पुनरुत्थानानंतर थोमा हा शिष्य त्याला थेट प्रभू आणि देव म्हणतो आणि येशू त्याला टोकत नाही. पुढच्या अठराशे वर्षांतले वादी-प्रतिवादी हीच वचनं फेकत आलेले आहेत. वचनं तीच, फेकणारे हात बदलले.

वाद पेटला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात, इ.स. 318च्या आसपास. आरियस नावाचा एक धर्मगुरू तिथे शिकवत होता. त्याचं म्हणणं साधं आणि ऐकताक्षणी पटणारं : बाप आधी, मुलगा मागून. पुत्र ‘जन्मला’ म्हणता ना? मग तो नव्हता अशीही एक अवस्था असलीच पाहिजे. जो नव्हता आणि झाला, तो निर्माण केलेला, म्हणजे रेघेच्या अलीकडचा. आपली मतं त्याने गाण्यांत बांधली होती, बंदरावरचे खलाशी ती म्हणत, असं म्हणतात.

इथे जरा थांबायला हवं, कारण या ठिकाणी बहुतेकांचा घोटाळा होतो. येशू आपल्यासारखा साधा माणूस होता, असं आरियस म्हणतच नव्हता. त्याचा पुत्र काळाच्या आधीचा, सगळ्या सृष्टीतला पहिला आणि श्रेष्ठ, ज्याच्या हातून जग घडलं असा होता. आपल्या मराठी मापाने आरियसचा येशू खणखणीत देवच ठरतो! रेघ ओढणाऱ्यांच्या मापाने मात्र नाही.

आरियसचा मोठा प्रतिस्पर्धी अथनाशियस. वादाच्या सुरुवातीला तो बिशपच्या हाताखालचा तरुण सेवक होता, पुढे स्वतः बिशप झाला. त्याचं उत्तर दुहेरी होतं. एक : सूर्य आधी आणि ऊन मागून असं कधी असतं का? उन्हाचा उगम सूर्यात, पण सूर्य होता आणि ऊन नव्हतं असा क्षण दाखवता येत नाही. पिता-पुत्राचं नातं तसं. दोन, आणि मला हा मुद्दा जास्त वजनाचा वाटतो : येशू निर्माण केलेला असेल तर आपण त्याची उपासना करतो ती मूर्तिपूजाच झाली. शिवाय बुडणाऱ्याला बुडणारा कसा बाहेर काढणार? तारणारा काठावरचाच हवा.

325 साली सम्राट कॉन्स्टंटाइनने बिशपांची परिषद बोलावली ती निकायात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावात. ‘येशूला देव करण्याचा ठराव या परिषदेत मताधिक्याने पास झाला’ ही समजूत अलीकडच्या रहस्यकादंबऱ्यांनी घरोघर पोचवली आहे. प्लिनीचं पत्र त्याच्या दोनशे वर्षं आधीचं आहे, एवढ्यावरच ती निकालात निघते. परिषदेने ठरवलं ते वेगळंच : पुत्राला रेघेच्या नेमकं कोणत्या बाजूला ठेवायचं आणि त्यासाठी शब्द कोणता वापरायचा. शब्द निवडला ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याच्याच सत्त्वाचा. तो बायबलमध्ये कुठेही नाही, म्हणून आरियसच्या विरोधातल्या अनेकांच्याही घशाखाली उतरत नव्हता. शेवटी लिबियाचे दोन बिशप तेवढे सही करेनात. आरियसबरोबर त्यांनाही हद्दपार करण्यात आलं.

पण भांडण मिटलं नाही, तर फोफावलं. पुढच्या काही दशकांत मधली वाट काढणाऱ्यांनी शब्दात एक अक्षर घातलं : ‘होमोइऊसिओस’. पित्याच्याच सत्त्वाचा नव्हे, तर पित्यासारख्या सत्त्वाचा. ग्रीक लिपीत हा फरक म्हणजे ‘इओटा’ ही उभी बारीक रेघ, देवनागरीत एक ‘इ’. त्यावरून बिशप हाकलले जात होते आणि परत येत होते. एकट्या अथनाशियसच्या नावावर पाच हद्दपाऱ्या आहेत. खुद्द कॉन्स्टंटाइनने 337 साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला, तो आरियसकडे कललेल्या बिशपच्या हातून. 381च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेनंतरच निकायाचं मत साम्राज्यात कायम झालं. आज कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्चेस तेच मानतात.

पुत्र रेघेपलीकडे गेला, पण नवा प्रश्न मागे ठेवून. मग गालिलात भुकेला होणारा, रडणारा, खिळ्यांनी ठोकला गेलेला तो कोण? 451च्या कॅल्सिडोन परिषदेने उत्तर दिलं : एकच व्यक्ती, पण दोन स्वभाव, पूर्ण देव आणि पूर्ण माणूस. हे दोन एकत्र कसे नांदतात ते सांगताना परिषदेला चारही शब्द नकाराचेच सापडले. मिसळण नाही, बदल नाही, वाटणी नाही, ताटातूट नाही. ‘नेति नेति’ ऐकलेल्या माणसाला ही पद्धत परकी वाटू नये. इजिप्तच्या कॉप्टिक, इथिओपियाच्या, आर्मेनियाच्या आणि केरळातल्या मलंकारा ऑर्थोडॉक्स चर्चला मात्र ‘दोन स्वभाव’ आजही मान्य नाही. त्यांच्या मते दैवी आणि मानवी मिळून स्वभाव एकच. येशूचं देवत्व यांतला कोणीच नाकारत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

इस्लामने ती मूळची रेघ पुन्हा ठसठशीत ओढली. मुसलमान येशूला मानत नाहीत असं अनेकांना वाटतं, ते साफ चूक. हजरत इसा हे मोठे पैगंबर, कुमारी मरियमच्या पोटी बापाविना जन्मलेले, मसीहा, आणि युगान्ती पुन्हा येणारे. कुराणातला एक अख्खा सूरा मरियमच्या नावाचा आहे. इसांना अल्लाहचा ‘शब्द’ आणि त्याच्याकडून आलेला ‘आत्मा’ असंही कुराण म्हणतं. ख्रिस्ती वाचक इथे थबकतो, की मग राहिलं काय? राहिलं पुत्रपण. बापाविना जन्म हे देवत्वाचं लक्षण धरायचं तर आदम पुढचा ठरेल, कारण त्याला आईही नव्हती. कुराणात ही तुलनाच आहे. जेरुसलेममधल्या डोम ऑफ द रॉकच्या आत सातव्या शतकाच्या अखेरचा लेख आहे. त्यात ग्रंथधारकांना उद्देशून बजावलं आहे, की इसा अल्लाहचा प्रेषित आहे, तीन म्हणू नका. ख्रिस्ती यात्रेकरूंच्या गावातच हे कोरलेलं आहे.

युरोपात निकायाच्या निकालावर बोट ठेवणं हजार वर्षांनंतरही जिवावर बेतत होतं. मायकेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला 1553 साली जिनिव्हात जाळलं गेलं, कारण त्याने त्रैक्य, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे एकत्व, नाकारलं. चितेवर त्याने येशूला हाक मारली, ती ‘सनातन देवाचा पुत्र’ अशी, असं सांगतात. ‘देवाचा सनातन पुत्र’ म्हणाला असता तर त्याचं म्हणणं त्याने मागे घेतलं असं ठरलं असतं. विशेषण एक घर पुढे सरकवायचं होतं. त्याने सरकवलं नाही.

त्याच्या विचारांच्या वाटेने पुढे युनिटेरियन पंथ आले. देव एक, येशू थोर गुरू. आजचे यहोवाचे साक्षीदार आरियसच्या जवळचे : येशू ही देवाची पहिली निर्मिती. मॉर्मन पिता-पुत्राला दोन वेगळ्या व्यक्ती मानतात, पण दोघांनाही दिव्य म्हणतात.

आणि हा वाद आपल्याकडे आला तोही व्याकरणाचं बोट धरून. राममोहन रायांनी 1820 साली येशूची नीतिवचनं वेगळी काढून छापली, चमत्कार आणि देवत्व गाळून. बंगालमधल्या श्रीरामपूरचे मिशनरी खवळले. त्याच सुमाराला रायांच्या मदतीने नव्या कराराचं बंगाली भाषांतर चाललं होतं. तिथे योहानाच्या पहिल्याच अध्यायातल्या एका ग्रीक अव्ययाशी गाडं अडलं. सृष्टी ‘त्याने’ झाली की ‘त्याच्याद्वारे’? ‘त्याने’ म्हटलं की तो कर्ता, ‘त्याच्याद्वारे’ म्हटलं की तो साधन. या चर्चेतून भाषांतरकारांपैकी विल्यम अॅडम हा बाप्टिस्ट मिशनरी 1821 साली स्वतःच युनिटेरियन झाला. हिंदूला ख्रिस्ती करायला आलेल्या या गृहस्थाला कलकत्त्यातल्या गोऱ्यांनी ‘दुसरा पतित आदाम’ हे नाव ठेवलं.

मराठीत या प्रश्नाशी खरी झुंज घेतली ती पंडिता रमाबाईंनी. सप्टेंबर 1883मध्ये इंग्लंडच्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. त्यात त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर त्या प्रश्नांमागून प्रश्न विचारतात. चर्च सांगतं म्हणून मानायचं, याला त्यांची तयारी नव्हती. ब्राह्मण पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं ते दुसऱ्या पुरोहितांचं चढवायला नव्हे, असं त्यांनी स्पष्ट कळवलं. सिस्टरांना हा अहंकार वाटला. मला त्यात अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या मुलीची शास्त्रार्थाची सवय दिसते. पुढे अमेरिकेत त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक होते. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला आणि ख्रिस्त बऱ्याच वर्षांनी, असं रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलं. उत्तरायुष्यात त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा निःशंक होती.

केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अवघं बायबल मराठीत आणलं. 1922 साली त्या गेल्या, ग्रंथ 1924मध्ये पूर्ण छापून निघाला. योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलंच वाक्य ‘शब्द’ आणि ‘देव’ यांचं नातं सांगतं. तिथे ग्रीकमध्ये ‘देव’ या शब्दाआधी उपपद नाही. म्हणून इंग्रजीत करताना एका पंथाने ‘एक देव’ असं केलं आणि बाकीचे अजून त्यांच्याशी भांडताहेत. मराठीत उपपदच नसतं. केडगावच्या बायकांनी खिळे जुळवले तेव्हा त्या जागी दोनच अक्षरं बसली, दे आणि व.