सागरपक्ष्यांवर हक्क कोणाचा?

कॅनडाच्या पूर्व टोकाला, अटलांटिक महासागरात, न्यूफाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. हिवाळा लागला की उत्तरेच्या बर्फाळ प्रदेशातून 'मर' नावाचे काळे-पांढरे सागरपक्षी लाखोंच्या संख्येने या बेटाभोवतीच्या पाण्यात उतरतात. बेटावरचे लोक त्यांना 'टर' म्हणतात. लहान होड्या घेऊन समुद्रात जातात, बंदुकीने त्यांची शिकार करतात आणि घरी आणून भाजून खातात. मूळ निवासी जमातींचा अपवाद सोडला, तर कॅनडात अन्यत्र कोणालाही या पक्ष्यावर बंदूक रोखता येत नाही. न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉर या प्रांताच्या रहिवाशांना मात्र ती मुभा आहे. शेजारच्या प्रांतातील शिकारी कितीही पैसे मोजावयास तयार असला, तरी त्याला हा परवाना मिळत नाही.

एकाच देशाच्या नागरिकांत असा भेद करणे न्याय्य आहे काय? प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 'भूमिपुत्र' या शब्दावरून आपल्याकडे जे वाद झडले, ते आठवणाऱ्या मराठी वाचकाला तर तो अपरिचितही वाटणार नाही. शिवाय हा पक्षी न्यूफाउंडलंडचा म्हणावा, तर त्यातील फार मोठा भाग जन्मतो कॅनडाच्या आर्क्टिक बेटांवर आणि ग्रीनलंडच्या कड्यांवर. इथे तो केवळ हिवाळा काढावयास येतो. ज्याच्या अंगणात पाहुणा उतरला त्याचाच त्या पाहुण्यावर हक्क, हे म्हणणे थोडे विचित्रच आहे.

बाहेरच्यांना मुभा द्यावी असे म्हणता येईल, त्याला आर्थिक आधारही आहे. १९९२ साली कॉड माशाचे साठे ढासळल्यामुळे कॅनडा सरकारने तेथील कॉडची मासेमारी बंद केली आणि शतकानुशतके त्या एका माशावर जगलेली किनाऱ्यावरची गावे उघडी पडली. हौशी शिकाऱ्यांकडून चार पैसे मिळाले तर या गावांना ते का मिळू नयेत? याच बेटावर मूस नावाच्या प्रचंड हरणाची शिकार परप्रांतीय व परदेशी शिकारी परवानाधारक व्यावसायिकांच्या मदतीने करतातच. मग टरनेच काय केले?

उत्तर त्या दोन प्राण्यांच्या जीवनक्रमातच आहे. मूस हा बेटाचा मूळ रहिवासी नव्हे. १९०४ साली न्यू ब्रन्सविकमधून चार जनावरे आणून सोडली, त्यांचा विस्तार आज बेटभर झाला आहे, आणि त्यांना खाणारा लांडगा तेथून केव्हाच नाहीसा झाला. त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे हीच तेथे अडचण आहे. टरची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेही घरटे न बांधता, कड्याच्या उघड्या कंगोऱ्यावर. पिल्लू तीनेक आठवड्यांचे झाले की उडता येत नसतानाच समुद्रात उडी घेते आणि बापाच्या सोबतीने पोहत निघते. त्याला स्वतःची वीण करण्यास साधारणतः पाच वर्षे लागतात. अशा जातीतील मोठा पक्षी मारला, म्हणजे जी तूट पडते ती भरून निघण्यास अनेक वर्षे जावी लागतात. येथे शिकाऱ्यांची संख्या वाढवणे म्हणजे मुद्दल खाणे होय.

तथापि, स्थानिक म्हणजे आपोआप संयमी, असे समजण्याचे कारण नाही. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार झाला, तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हते. १९४९ साली ते सामील झाले आणि पिढ्यान्‌पिढ्या टर खाणारी माणसे कायद्याने गुन्हेगार ठरली. हा अन्याय १९५६ साली नियमांत अपवाद करून दूर केला गेला, ते योग्यच झाले. परंतु पुढे वेगवान होड्या आल्या, बंदुका सुधारल्या, आणि १९७० व १९८०च्या दशकांत वर्षाला सहा ते नऊ लाख पक्षी मारले जाऊ लागले. हे करणारे बाहेरचे नव्हते. १९९३ नंतर दिवसाला वीस पक्षी अशी मर्यादा आली, हंगाम आखले गेले, आणि शिकार निम्म्याहून खाली आली. दोन देशांतील सुधारित कराराने १९९९ पासून या शिकारीला रीतसर मान्यता मिळाली. पण ती खाण्यापुरती. विकण्यास मनाई आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते सर्व वादाचे मर्म या विक्रीबंदीत आहे. याच बेटाच्या ईशान्येला फंक नावाचे एक खडकाळ बेट आहे. १५३४ साली जाक कार्तिएच्या खलाशांनी तेथे न उडणाऱ्या 'ग्रेट ऑक' पक्ष्यांनी होड्या भरल्या, तेव्हा त्यांना अन्न हवे होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस मात्र गाद्या-उशांच्या बाजाराकरिता पिसे हवी झाली. माणसे उन्हाळाभर बेटावर मुक्काम ठोकून पक्षी मारू लागली आणि थोड्याच वर्षांत बेट ओस पडले. १८४४ साली आइसलंडजवळ ऑकची शेवटची ज्ञात जोडी मारली गेली, तीही संग्राहकांसाठी. पोटाला मर्यादा असते, बाजाराला ती नसते. बाहेरच्या शिकाऱ्याला परवाना देणे म्हणजे पक्षी न विकता त्याचे मरण विकणे होय, आणि त्या विक्रीवर ज्यांचा धंदा उभा राहील ते मर्यादा वाढवून मागणारच.

मग काय होते हे पाहण्यास अटलांटिकपर्यंत जाण्याची गरज नाही. पाकिस्तानात हौबारा या माळढोकाच्या भाईबंदाची शिकार तेथील सामान्य नागरिकाला वर्ज्य आहे, पण आखाती राजघराण्यांतील पाहुण्यांना ससाणे घेऊन येण्याचे खास परवाने मिळतात. ऑगस्ट २०१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही शिकार बंद केली. जानेवारी २०१६ मध्ये ती बंदी न्यायालयानेच उठवली. ज्याच्या रानात पक्षी उतरतो तो गुन्हेगार आणि ज्याच्या हाती पैसा तो पाहुणा, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

बंदूक न उचलणारा बाहेरचा माणूस मात्र न्यूफाउंडलंडच्या पाण्यात कधीच शिरला आहे, आणि त्याच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. युरोप व अमेरिका यांच्यामध्ये ये-जा करणारी जहाजे तळाचे तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडीत. पिसांवर नाण्याएवढा तेलाचा डाग पडला तरी तेथून गार पाणी आत शिरते आणि पक्षी थंडीने मरतो. या शतकाच्या प्रारंभी संशोधकांनी काढलेला अंदाज असा की, बेटाच्या आग्नेयेस अशा तेलाने वर्षाकाठी सुमारे तीन लाख मर आणि त्यांचे लहान भाईबंद बळी पडत होते. त्यानंतर २००५ साली कायदा कडक झाला. होडीतल्या कोळ्याचे वीस पक्षी मोजणाऱ्या सरकारने जहाजांकडेही तितक्याच बारकाईने पाहावे, अशी अपेक्षा कोळ्याने का करू नये?

म्हणून बाहेरच्यांना टरची शिकार करू देऊ नये, हे आमचे मत स्पष्ट आहे. हक्क रक्ताचा किंवा भाषेचा नव्हे. पक्षी संपला तर ज्याच्या ताटातला घास जाणार आहे त्याचा आहे, आणि तोही मोजून मापून. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कड्यांवर शिकारीपायी या पक्ष्यांच्या वसाहती फार रोडावल्या. तिकडचे कडे ओस पडले, तर न्यूफाउंडलंडच्या कोळ्याला आपले वीसही कमी करावे लागतील.

या नियमाची खरी धार लागते ती परक्यांना नव्हे. कॉड गेल्यावर बेटावरचे हजारो तरुण पोटासाठी आल्बर्टासारख्या दूरच्या प्रांतांत गेले. आपल्या कोकणातला चाकरमानी गणपतीला गावी येतो, तसा त्यांच्यातला एखादा नाताळला घरी येतो आणि बापाच्या होडीत बसतो. पण कायद्याच्या दृष्टीने तो आता परप्रांतीय. त्याला अपवाद करावा असे कोणाच्याही मनात येईल. आमच्या मते तो करू नये. एकदा जन्मगावाचा दाखला पुरेसा ठरला, की रहिवासाचा निकष उरत नाही. त्याने होडीचे सुकाणू धरावे. बंदूक गावात राहिलेल्या भावाच्या हाती असावी, आणि आईने भाजलेला टर दोघांनी मिळून खावा.