आपले पुस्तक आपणच काढू या

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यातले गाव. मराठी भाषेचे विद्यापीठ शासनाने याच गावी काढले, याचे कारण साडेसातशे वर्षांमागचे आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यानंतर त्यांच्या आठवणी विरून जाऊ नयेत म्हणून म्हाइंभटांनी त्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी जे पाहिले, ऐकले, त्यांना विचारून विचारून शके 1200 म्हणजे इ.स. 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ तयार झाले. संस्कृतचा मान असलेल्या त्या काळात नागदेवाचार्यांनी मराठीचाच आग्रह धरला. संस्कृतात लिहिले तर साध्या बाया-माणसांना ते कळणार नाही, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते.

पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली. अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा लिहून काढली. म्हणूनच आज तिचे निरनिराळे पाठ सापडतात. नंतर हे ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद झाले आणि ती लिपी उलगडेपर्यंत, म्हणजे विसावे शतक उजाडेपर्यंत, बाहेरच्या माणसाला त्यांचे दर्शन झाले नाही.

या हकिकतीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. लिहिलेल्याची एकच प्रत असली तर ती जाते. आणि अक्षर दुसऱ्याला वाचता आले नाही, तर प्रत असूनही नसल्यासारखीच.

आता आपल्या घराकडे पाहू या. कुणाच्या आजोबांची वही ट्रंकेत पडून आहे. तीत 1956 च्या दीक्षेला नागपूरला कसे गेलो ते लिहिलेले आहे. कुणाच्या आईने जयंतीला गायची गाणी उतरून ठेवली आहेत. गिरणीतला संप, वस्तीतली पहिली शाळा, विहिरीवरचा तंटा, पहिली मॅट्रिक झालेली मुलगी, हा सगळा इतिहास वह्यांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे. एक पावसाळा, एक वाळवी, एक मरण, की संपला.

छापायचे कुणी?

आपल्या माणसांचे लिखाण छापायला दुसरे कुणी पुढे येईल, या भरवशावर आपली चळवळ कधी राहिली नाही. नागपूरकडे किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःची पत्रे काढली. बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ सुरू केले, पुढे ‘बहिष्कृत भारत’ (1927) आणि ‘जनता’ (1930). 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले. पण लिहून पाठविलेले भाषण मंडळाला झेपले नाही. बदल करा म्हणाले. बाबासाहेबांनी नकार दिला आणि परिषदच रद्द झाली. मग बाबासाहेबांनी काय केले? ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज जगभर वाचले जाणारे ‘जातिभेद निर्मूलन’ ते हेच.

बेबीताई कांबळे यांचे उदाहरण तर अगदी घरातले आहे. फलटणला लहानसे दुकान चालवता चालवता त्या लिहीत आणि लिहिलेले घरच्यांपासून लपवून ठेवीत. सुमारे 20 वर्षे ते कागद तसेच पडून होते. 1982 मध्ये ‘स्त्री’ मासिकातून ते बाहेर आले, 1986 मध्ये ‘जिणं आमुचं’ हे पुस्तक झाले आणि पुढे इंग्रजीतही गेले. ते कागद चुलीत गेले असते तर? अशा किती बेबीताईंचे कागद गेले असतील, याचा हिशेब कुणापाशी नाही.

त्या काळी छापखान्याला पैसा लागे. आज निदान तेवढी अडचण राहिलेली नाही. ई-पुस्तक, म्हणजे मोबाईलवर किंवा संगणकावर वाचायचे पुस्तक, एका पैशाचा कागद न वापरता घरच्या घरी तयार करता येते. कसे, ते क्रमाने पाहू.

पहिले काम : मजकूर उतरविणे

गुगल डॉक्स हे लिहिण्याचे साधन फुकट आहे आणि मोबाईलवर चालते. मराठी कळफलक लावून टाईप करा. टाईप जमत नसेल तर माईकचे चिन्ह दाबून बोला. 2017 पासून गुगलचे श्रुतलेखन मराठीत उपलब्ध आहे. आजी सांगते आहे आणि नातू फोन धरून बसला आहे, असेही पुस्तक होऊ शकते. मात्र यंत्राला वऱ्हाडी बोली नीट कळत नाही. ते आपल्या मनाने शब्द बदलते. म्हणून उतरलेला मजकूर सांगणाऱ्याला वाचून दाखवावा आणि आजीची बोली आहे तशीच ठेवावी. तिला ‘शुद्ध’ करायला जाऊ नये.

दुसरे काम : अक्षर तपासणे

येथेच पुष्कळांची फसगत होते. गावातल्या डीटीपीवाल्याकडे पूर्वी ‘कृतिदेव’सारख्या फाँटमध्ये केलेला मजकूर दिसायला मराठी असतो, पण आत साठविलेला असतो इंग्रजी अक्षरांचा संकेत. तो फाँट नसलेल्या फोनवर नुसता गचाळा दिसतो. सांकेतिक लिपीतल्या पोथीसारखीच गत! उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. मोबाईलवर लिहिलेले मराठी युनिकोडच असते. जुना मजकूर बदलून देणारी साधने इंटरनेटवर फुकट मिळतात, परंतु बदललेला मजकूर ओळीन् ओळ वाचून पाहावा, कारण जोडाक्षरे हमखास चुकतात. परीक्षा घ्यायची तर ‘वऱ्हाड’ हाच शब्द पाहा. साधा ‘र’ घेतला तर त्याचा ‘वर्हाड’ होतो. तेथे नुक्त्याचा ‘ऱ’ लागतो.

तिसरे काम : मांडणी

छापील पुस्तकात पान ठरलेले असते. ई-पुस्तकात तसे नसते. वाचणारा अक्षर मोठे करतो, तसा मजकूर आपोआप पुढे सरकतो. डोळ्यांनी अधू झालेल्या माणसाला ही मोठीच सोय आहे. म्हणून मोकळ्या जागा किंवा कोऱ्या ओळी टाकून मांडणी करू नये. प्रकरणाच्या नावाला ‘हेडिंग’ ही शैली द्यावी, म्हणजे त्यावरून अनुक्रमणिका आपोआप तयार होते. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू करावे. फोटोखाली कोण, कुठे, कोणत्या साली, ते लिहावे.

एवढे झाले की संगणकावर गुगल डॉक्समधूनच ‘ई-पब’ या प्रकारात पुस्तक उतरवून घेता येते. लिबरऑफिस या फुकट साधनातही ही सोय 2018 पासून आहे. पुढची दुरुस्ती करायची तर ‘सिजिल’ आणि ‘कॅलिबर’ ही साधने आहेत, तीही फुकटच. मुखपृष्ठ ‘कॅन्व्हा’वर करता येते. ते साधे असले तरी चालेल, पण नाव लांबून वाचता आले पाहिजे.

चौथे काम : लोकांपर्यंत नेणे

नातेवाईकांत आणि वस्तीत वाटायचे असेल तर व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली की काम झाले. मोफतच द्यायचे असेल तर ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्था मराठी ई-पुस्तके वाचकांपर्यंत विनामूल्य पोहोचवतात. विकायचे असेल तर ॲमेझॉनच्या किंडल डायरेक्ट पब्लिशिंगवर मराठी पुस्तक चढवता येते. त्यासाठी आधी पैसे भरावे लागत नाहीत. किंमत आपण ठरवायची. अटींप्रमाणे विक्रीच्या 35 किंवा 70 टक्के रक्कम लेखकाच्या बँक खात्यात येते. आयएसबीएन क्रमांक हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो भारतात फुकट मिळतो. तोच क्रमांक विकणाऱ्या दलालाच्या नादी लागू नये.

‘तुमचे पुस्तक गाजवून देतो’ म्हणून हजारो रुपये मागणाऱ्यांपासूनही जपावे. मजुरीचा पैसा आहे तो.

दोन शब्द जबाबदारीचे

वहीत उतरून घेतलेले गाणे आपले होत नाही. ते त्या शाहिराचे असते. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणून परवानगी घ्यावी, निदान नाव तरी कधी गाळू नये. आपली गाणी नाव गाळून गायिली गेल्याचे दुःख आपण जाणतोच. तसेच ज्या जिवंत माणसाची हकिकत लिहिली, त्याला ती आधी दाखवावी.

आणि हेही खरे, की फोनवरची फाईल म्हणजे कायमची पोथी नव्हे. फोन फुटतो, खाते बंद पडते. एक प्रत ई-मेलवर, एक पेन ड्राईव्हमध्ये, एक नातलगाकडे आणि एक कागदावर छापून वस्तीच्या वाचनालयात, अशा चार जागी चार प्रती ठेवाव्यात. मूळ वही तर कदापि टाकू नये.

दीक्षाभूमीवर दरवर्षी पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, ती पाहिलेल्याला आपला समाज वाचत नाही असे म्हणवणार नाही. त्या पुस्तकांशेजारी आपल्या आजीचे पुस्तक का नसावे? येत्या रविवारी तासभर काढा. ट्रंक उघडा, वही बाहेर काढा, पहिल्या पानाचा फोटो घ्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यापाशी बसा आणि म्हाइंभटांनी विचारले तसे विचारा, “मग पुढे काय झालं?”

ते सांगू लागतील. आपण फक्त लिहून घ्यायचे आहे.