'प्रवास'चे दोन इंग्रजी पर्याय : ट्रॅव्हल आणि ट्रॅव्हेल

दशाश्वमेध घाटाच्या पायऱ्यांवर गंगाजलाचा सीलबंद गडू मांडीवर घेऊन बसलेल्या एका वृद्ध मराठी बाई मला म्हणाल्या, "ट्रॅव्हल्सनं आलो, पण हाल फार झाले." खासगी बस हा 'ट्रॅव्हल्स'चा अर्थ मराठीने घडवला, इंग्रजीत तो नाही. 'ट्रॅव्हल' आणि 'हाल' यांचे सख्य मात्र इंग्रजी शब्देतिहासाला जुने आहे.

ट्रॅव्हल आणि ट्रॅव्हेल हे मुळात एकाच शब्दाचे दोन लेखनभेद होत. उत्तरकालीन लॅटिनमधील 'ट्रिपालिउम' म्हणजे तीन खुंटांचे छळयंत्र. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये कष्टणे, यातना भोगणे या अर्थाचे क्रियापद आले. इंग्रजीत ते कष्टाच्या वाटचालीला लावले गेले आणि हळूहळू केवळ वाटचाल उरली; कष्ट व प्रसववेदना दुसऱ्या लेखनरूपाकडे गेल्या. (फ्रेंचमध्ये तो शब्द आजही कामाचाच वाचक आहे.) आज ट्रॅव्हल उच्चारताना कोणाला छळ आठवत नाही, तर ट्रॅव्हेल हा ग्रांथिक, बहुधा अनेकवचनी वापरातला शब्द आहे.

हा भेद मराठीच्या अभ्यासकाला अडवतो तो विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'पाशी. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या सुखमणी रॉयकृत अनुवादाच्या शीर्षकात 'ट्रॅव्हेल्स' आहे. प्रिया आडारकर व शांता गोखले यांच्या २०१४ मधील अनुवादाच्या उपशीर्षकात 'ट्रॅव्हल्स'. १८५७ च्या धामधुमीत झाशीचा पाडाव पाहिलेल्या माणसाला पहिला शब्द शोभतो, हे खरे. पण त्यामुळे भोगलेले हालच अनुभवाचे सार ठरतात. गोडसे भट वरसईहून निघाले ते दक्षिणा मिळवून कुटुंबाचे दारिद्र्य निवारण्यासाठी, स्वेच्छेने. त्यांच्या निवेदनात कुतूहलही भरपूर आहे.

शिवाय 'प्रवास'ची व्युत्पत्ती तिसरीच आहे. 'प्र' आणि 'वस्' : घरापासून दूर वसणे. प्रोषितभर्तृका ही नायिका याच धातूची, आणि रसशास्त्रात प्रवास हा विप्रलंभ शृंगाराचा एक प्रकार. इंग्रजी शब्दजोडी चालणाऱ्याच्या देहाकडे पाहते. 'प्रवास' घराकडून मोजला जातो. गोडसे भट गंगाजलाची कावड घेऊन परततात आणि आईवडिलांना त्याचे स्नान घालतात, तेथे तो संपतो. हा अर्थ दोन्ही पर्यायांत येत नाही. तरीही निवड करायची तर मी 'ट्रॅव्हल्स' घेईन. त्यात निदान वाचकाला हालांची वार्ता आधीच दिलेली नसते.