घरच्या टेबलावर चांदीची अंगठी: जोड, वजन आणि किंमतीचं गणित

व्हिडिओत अंगठी होताना दिसली, पण आकडे पटापट निघून गेले. ते इथे नीट लिहून देतेय. उदाहरण एकच घेऊ: २ मिमी जाडीच्या गोल तारेची साधी अंगठी. ही जमली की कड्या, चेनचे दुवे, जोडवी ही सगळी याच कामाची भावंडं.

आधी धातू. शुद्ध चांदी मऊ असते, रोजच्या वापरात अंगठी वाकते. म्हणून ९२५ ची तार घ्यायची, म्हणजे हजार भागांत ९२५ चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. सराफाकडून घेताना पावतीवर शुद्धता लिहून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते! तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. तो विकायला हरकत नाही, पण चांदी म्हणून विकायचा नाही. निकेलची अॅलर्जी बऱ्याच जणांना असते, आणि बोट लाल झालेलं गिऱ्हाईक परत येत नाही, चार जणांना सांगतं ते वेगळंच.

सरावाच्या पहिल्या दहा अंगठ्या तांब्याच्या तारेच्या करा. तांब्यालाही चांदीचंच सोल्डर चालतं, त्यामुळे हात बसतो आणि खिसा वाचतो.

सामान फार नाही. सोनारी करवत, बारीक कानस, लाकडी मोगरी, अंगठीच्या मापाचा गज, चिमटा, ब्युटेनचा छोटा टॉर्च, भट्टीची वीट, पॉलिश पेपर. महागडी किट आधीच मागवू नका, त्यातल्या निम्म्या वस्तूंना हात लागत नाही.

आता माप. आपल्याकडे १४ नंबरच्या अंगठीचा आतला घेर साधारण ५४ मिमी. पण तेवढीच तार कापली तर अंगठी घट्ट होणार, कारण तार वाकताना तिची जाडी जागा खाते. म्हणून ५४ मध्ये जाडी गुणिले ३.१४ मिळवायचं: ५४ + ६.२८, म्हणजे ६० मिमीच्या थोडं वर. या तुकड्याचं वजन जवळपास २ ग्रॅम भरतं.

वाकवण्याआधी तार मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, ती मऊ पडते. दिवसाच्या लख्ख उजेडात हा लाल रंग दिसत नाही आणि तार वितळून गोळा होते, तेव्हा हे काम थोड्या अंधारात करायचं.

खरी परीक्षा जोडाची. दोन्ही टोकं कानसून इतकी जुळवा की उजेडासमोर धरल्यावर फट दिसता कामा नये. सोल्डर फट भरत नाही, ते फक्त चिकटलेल्या टोकांमध्ये शिरतं. जोडावर टाकणखाराची (सोनार याला सवागी म्हणतात) पाण्यात कालवलेली पेस्ट लावा आणि सोल्डरचा बारीक कण ठेवा. ज्योत त्या कणावर धरायची नाही, आख्खी अंगठी फिरवत तापवायची. सोल्डर उष्णतेकडे धावतं. अंगठी पुरेशी तापली की ते एका क्षणात चमकून जोडात शिरतं, तेव्हा लगेच ज्योत बाजूला. मोबाईल रिपेअरवाल्यांचं शिशाचं सोल्डर चांदीला कधीच लावू नका. चांदीचं सोल्डर घेतानाही कॅडमियम नसलेलंच मागा, त्याचा धूर विषारी असतो. खिडकी उघडी, केस बांधलेले, ओढणी दूर. आणि हे सगळं ओट्यावर नाही हं!

अंगठी काळी पडेल, घाबरू नका, ते तांब्याचं ऑक्साईड. तुरटीच्या गरम पाण्यात ठेवली की निघतं. पातेलं या कामाचं वेगळंच ठेवा आणि त्यात लोखंडी चिमटा घालू नका, नाहीतर चांदीवर तांब्याचा लाल थर बसतो. मग अंगठी गजावर चढवून मोगरीने गोल करा, ठोकण्याने ती कडकही होते. शेवटी ४००, ६००, १००० नंबरचे पेपर.

आता पैसे. हिशेबापुरता भाव २०० रुपये ग्रॅम धरू, तुम्ही त्या दिवशीचा टाका. चांदी ४००, त्यावर ३ टक्के जीएसटी १२, सोल्डर-गॅस-पेपर ३०, डबी २५, सव्वा तासाची तुमची मजुरी १५०. झाले ६१७. हा खर्च आहे, किंमत नव्हे. बुटीकवाल्याने ३० टक्के कापले आणि तुम्ही १०७० ला विकली, तर तुमच्या हातात ७४९ येतात, म्हणजे नफा १३२. बरेच जण मजुरी धरतच नाहीत आणि ६०० ला विकून खूश होतात.

ग्रॅमच्या भावाने विकायला जाऊ नका. तिथे हुपरीच्या कारागिरांशी आणि मशीनच्या मालाशी गाठ आहे, आपला टिकाव लागणार नाही. आपण नगावर विकायचं: माप गिऱ्हाइकाचं, आत कोरलेलं अक्षर, हातोडीचे ठसे.

कानसलेला चुरा झाडून टाकू नका. टेबलाखाली कापड लावा, चुऱ्यातून चुंबक फिरवून लोखंड काढा आणि डबीत साठवा. डबी भरली की गलाईवाल्याकडे न्या. देशात कुठेही असाल तरी विटा-खानापूर-आटपाडीकडचा कुणीतरी गलाईवाला बहुधा सापडेल, मराठीत बोला. आणि सुरुवातीला तार १० ग्रॅमच घ्या. चार अंगठ्या आरामात होतात, नेमकं कापलं तर पाच.