पोहोच आणि गरज : संगणक-स्मृतीतील कचऱ्याचा विचार

आज्ञावली चालू असता संगणकाच्या स्मृतीत नवनव्या वस्तू निर्माण होतात, आणि त्यांतील पुष्कळशा अल्पावधीतच निरुपयोगी ठरतात. त्यांची जागा मोकळी करण्याचे काम सी भाषेत आज्ञावलीकाराकडेच असते. त्याने घाई केली तर वापरातील वस्तू नष्ट होते. त्याला विसर पडला तर स्मृती भरत जाते. ही जोखीम टाळण्यासाठी १९६० साली जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेकरिता स्वयंचलित कचरा-संकलनाची रीत मांडली. आज्ञावलीतील चलांपासून आरंभ करून निर्देशांच्या मार्गाने जेथवर जाता येते तेथवरच्या वस्तूंवर खूण करावयाची आणि खूण नसलेल्यांची जागा परत घ्यावयाची, असे तिचे स्वरूप आहे.

या रीतीत एक गृहीत दडलेले आहे. ज्या वस्तूपर्यंत पोहोचता येते तिची गरज आहे, असे ती मानते. वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न होत.

एक उदाहरण घेऊ. परभणी जिल्ह्याच्या एका मुख्य नोंदीत जिल्ह्याचे नाव आणि पर्जन्यनोंदींच्या साखळीकडे नेणारा दुवा आहे असे समजा. जिंतूर, सेलू, पाथरी अशा क्रमाने नऊही तालुक्यांच्या नोंदी वाचून आज्ञावली सरासरी काढते. त्यानंतर तिला केवळ नाव छापावयाचे असते. मुख्य नोंद अद्याप हवी आहे. साखळी मात्र नको आहे. तथापि दुवा शाबूत असल्यामुळे संकलक संपूर्ण साखळी राखून ठेवतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. आज्ञावली चालविण्यापूर्वीच तिचे शेवटाकडून आरंभाकडे विश्लेषण करून पुढे कोणते दुवे वापरले जातील हे ते ठरवितात. साखळी कितीही लांब असू शकते, म्हणून दुव्यांचे मार्ग ते सांत आलेखांत संक्षेपाने मांडतात. निरुपयोगी ठरलेल्या दुव्यावर शून्य-निर्देश ठेवणारी आज्ञा योग्य जागी घातली की उरलेले काम नेहमीचा संकलकच करतो.

येथे सावधगिरी आवश्यक आहे. तोच दुवा दुसऱ्या नावाने वापरात असेल तर तो तोडता कामा नये. तसेच नव्या आज्ञेमुळे मूळ आज्ञावलीत नसलेला दोष उद्भवता कामा नये. भविष्यातील वापर पूर्णांशाने आधी जाणणे तत्त्वतःच अशक्य असल्याने संशय असेल तेथे वस्तू राखणेच इष्ट. काही कचरा उरला तर केवळ जागा अडते. उपयुक्त वस्तू गेली तर उत्तरच चुकते.