कुंडीतलं ‘पीट मॉस’ येतं कुठून? एक मीटर थर साचायला लागतात हजार वर्षं!

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या नर्सरीत गेलात, तर ‘कोकोपीट’ आणि ‘पीट मॉस’ ही दोन नावं हमखास कानावर पडतात. दोन्हींचं काम एकच, कुंडीत ओल धरून ठेवणं. पण कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा. पीट मॉस मात्र जुन्या दलदलीतून खणून काढलेलं असतं.

ही दलदल बनते कशी?

पावसाळ्यात भिंतींवर मखमली हिरवळ उगवते ना, त्याच गटातली एक वनस्पती म्हणजे स्फॅग्नम. तिच्या पानांतल्या रिकाम्या पेशी स्पंजसारखं पाणी शोषतात, कोरड्या वजनाच्या जवळपास वीसपट! ती आजूबाजूचं पाणी आम्लयुक्तही करते. अशा पाण्यात प्राणवायू जेमतेम असतो, त्यामुळे मेलेल्या वनस्पती पूर्ण कुजत नाहीत. थरावर थर साचतो, तोच पीट. वेग वर्षाला साधारण १ मिलिमीटर!

मग महाराष्ट्रात पीट का नाही?

साताऱ्याच्या कास पठारावर पावसाळ्यात पाणी साचतं. जमिनीत पोषण कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती किडे पकडून पोट भरतात. पण पाऊस संपला की पठार कोरडं पडतं आणि मेलेलं सगळं कुजून जातं. पीट साचायला बाराही महिने ओल लागते.

भारतात स्फॅग्नम हिमालयात, ईशान्येत आणि दक्षिणेतल्या निलगिरीसारख्या उंच डोंगरांवर आढळतं. निलगिरीच्या दऱ्यांत गवत आणि इतर वनस्पतींपासून बनलेलं पीटही आहे. उष्ण कटिबंधात, डोंगरमाथ्याजवळ हे विरळच! त्याच थरांतल्या कार्बनवरून शास्त्रज्ञांनी सुमारे २०,००० वर्षांतले कोरडे आणि ओले काळ ओळखले. हे संशोधन १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

खणलं तर काय बिघडतं?

पीटच्या दलदली जगातल्या जेमतेम ३ टक्के जमिनीवर आहेत. तरीही जगभरच्या जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन त्यांत साठलेला आहे. दलदल उपसली की पीटला हवा लागते, ते कुजतं आणि तो कार्बन वातावरणात जातो.

त्यामुळे गच्चीवरच्या टोमॅटो-मिरचीला कोकोपीट आणि कंपोस्ट पुरेसं आहे. नारळ दरवर्षी येतो. पीटचा एक मीटर थर परत यायला मात्र हजार वर्षं थांबावं लागेल!