रथाची शर्यत: घोड्याची विद्या आणि मोजण्याची विद्या

मोबाइलवर रथांच्या शर्यतीचे गेम खेळणारी मंडळी आपल्या वर्गावर्गांत आहेत. चार घोडे, दोन चाकं, ठरलेल्या फेऱ्या आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पळणारा आकडा. नवा खेळाडू बहुधा एकच गोष्ट करतो: वेगाचं बटण दाबून धरतो. पहिल्या सरळ पट्ट्यात तो सगळ्यांच्या पुढे असतो, पहिल्या वळणावर भिंतीला आपटतो आणि मग म्हणतो, 'हा गेमच बेकार आहे.' तसं नसतं. रथ पळवणं ही फार जुनी विद्या आहे आणि गेममध्ये थोड्याफार फरकाने तिचेच नियम असतात. ते कळले की स्कोअर आपोआप वाढायला लागतो.

या विद्येचे दोन भाग महाभारतातल्या नळाच्या कथेत छान दिसतात. राज्य गमावलेला नळ बाहुक हे नाव घेऊन अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची बातमी येते आणि एका दिवसात विदर्भ गाठायचा असतो. नळ निवडतो ते घोडे दिसायला किडकिडीत; राजाला ते पसंत पडत नाहीत, पण नळ ठाम असतो. वाटेत राजाचं उपरणं खाली पडतं. 'जरा थांब, उचलून आणू दे' असं राजा म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे गेलेला असतो. मग ऋतुपर्ण आपलीही कला दाखवतो: वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं तो नुसत्या नजरेने मोजतो. शेवटी दोघं विद्यांची अदलाबदल करतात. राजाला घोड्यांची विद्या मिळते, नळाला मोजणीची आणि फाशांची. नळाने पुढे राज्य परत मिळवलं ते या दुसऱ्या विद्येच्या जोरावर. आपल्या गेमलाही दोन्ही लागतात.

आधी काय मोजतात ते बघा

शर्यत म्हटली की 'जो पहिला तो जिंकला' असं आपण धरून चालतो. पण आपल्याच भागातल्या बैलांच्या शर्यती बघा. पुणे जिल्ह्यात खेड, आंबेगाव, जुन्नरकडे घाटात एका वेळी एकच बैलगाडा सुटतो आणि त्याला किती सेकंद लागले ते मोजतात. सातारा-सांगलीकडे छकडे एकदम सुटतात. तिथे आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. आपल्या धारवाड-हावेरीकडे रिकामा गाडा पळवायच्या काही स्पर्धांत वेळ आधीच ठरलेला असतो, एक मिनिट, आणि तेवढ्यात बैलांनी किती अंतर कापलं ते टेपने मोजतात.

बैल तेच, गाडा जवळजवळ तोच, पण डावपेच तीन. घड्याळाशी शर्यत असेल तर शेजारी कोण पळतोय याच्याशी तुमचा संबंध नाही. एकही चूक न करता सरळ जाणं महत्त्वाचं. इतरांशी शर्यत असेल तर एका हाताने पुढे राहिलात तरी पुरे, उगाच ताकद उधळायची नाही. म्हणून गेम उघडल्यावर पहिली एक-दोन मिनिटं नियमांच्या पानाला द्या. गुण वेळेचे आहेत, क्रमांकाचे आहेत, की वाटेतली नाणी गोळा करण्याचे? नाण्यांचे गुण जास्त असतील तर शर्यतीत तिसरा आलेला खेळाडूही यादीत वर जाऊ शकतो.

वळण: इथेच शर्यत ठरते

रोमच्या सर्कस मॅक्झिमस या मैदानात रथांच्या सात फेऱ्या असत. मैदान सुमारे ६०० मीटर लांब, मधोमध एक लांब दुभाजक, त्याच्या दोन्ही टोकांना वळणाचे खांब. रथ डावीकडे वळत. चार घोड्यांपैकी मधले दोन जुवाला जुंपलेले असत आणि बाहेरचे दोन नुसत्या दोरांनी जोडलेले. सगळ्यांत भरवशाचा घोडा डाव्या टोकाला लावत, कारण वळताना सगळी भिस्त त्याच्यावर असे.

डावी कड इतकी मोलाची का? साधं गणित आहे. तुम्ही दुभाजकाला लागून जाताय आणि दुसरा तुमच्यापासून तीन मीटर बाहेरून. एका फेरीत दोन अर्धवर्तुळं, म्हणजे एक पूर्ण वर्तुळ. बाहेरच्याला प्रत्येक फेरीत २ × ३.१४ × ३, म्हणजे जवळजवळ १९ मीटर जास्त पळावं लागतं. सात फेऱ्यांत झाले सुमारे १३२ मीटर! तेवढं अंतर नुसत्या वेगाने भरून काढणं कठीण.

पण आतलं वळण अरुंद असतं. वेग दुप्पट केला की रथाला बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. म्हणून वेग वळणात शिरायच्या आधी कमी करायचा, वळणाच्या मध्यापर्यंत शांत राहायचं आणि रथाचं तोंड सरळ पट्ट्याकडे वळलं की मगच वेग वाढवायचा. वळणाच्या आत गेल्यावर ब्रेक मारणारा खेळाडू हमखास बाहेर फेकला जातो. होमरच्या 'इलियड'मध्ये म्हातारा नेस्टर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, हेच समजावतो. तुझे घोडे मंद आहेत, तेव्हा डोकं वापर. खांबाला अगदी लागून वळ, डावा घोडा जवळ ठेव, उजव्याला मोकळा सोड, पण चाक दगडाला घासू देऊ नकोस.

ताकद कधी खर्चायची?

दुसऱ्या शतकात रोममध्ये दिओक्लेस नावाचा सारथी होऊन गेला. चोवीस वर्षं रथ हाकून तो बेचाळिसाव्या वर्षी निवृत्त झाला. त्याचा हिशेब एका शिलालेखात कोरलेला होता: ४२५७ शर्यती, १४६२ विजय. विजय कसे मिळाले तेही त्यात नोंदवलंय. सुरुवातीपासून आघाडी घेऊन ८१५, अगदी शेवटी बाजी मारून ५०२, बाकीचे इतर प्रकारांनी.

यातून दोन गोष्टी घ्या. अर्ध्याहून जास्त विजय पहिल्यापासून पुढे राहून मिळाले, कारण पुढच्याला आतली कड मिळते आणि मागच्यांच्या गर्दीत सापडायची भीती नसते. तेव्हा सुरुवात जोरात करा, पण ती पहिल्या वळणाआधी आतली कड पकडण्यापुरती. आणि शेवटी बाजी मारायची तर ताकद शिल्लक हवी. घोड्यांच्या दमाची पट्टी दाखवणारा गेम असेल तर मधल्या फेऱ्यांत ती अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. शेवटच्या सरळ पट्ट्यात सगळी रिकामी करा. आणखी एक: हा मोठा सारथीसुद्धा जिंकला त्याच्या जवळजवळ दुप्पट शर्यतींत जिंकला नाही. तेव्हा दहा डाव हरलात म्हणून मोबाइल आपटायचं कारण नाही.

आता राहिली धक्काबुक्की. अँटिलोकसने वडिलांचा सल्ला ऐकला, पण पुढे एका चिंचोळ्या जागी त्याने रथ मेनेलाउसच्या रथाशेजारी घुसवला. टक्कर होईल म्हणून मेनेलाउसने घोडे आवरले आणि मागे पडला. अँटिलोकस दुसरा आला खरा, पण तक्रार झाली आणि बक्षिसाची घोडी त्याने स्वतःहून पुढे केली. गेममध्ये धडक देता येते, पण त्यात तुमचाही वेग जातो. समोरचा खेळाडू स्वतः चुकण्याची वाट बघणं स्वस्त पडतं.

चाबकाचं बटण

बऱ्याच गेममध्ये चाबकाचं बटण असतं. दाबलं की घोडे क्षणभर उसळतात आणि दम झपाट्याने उतरतो. डावपेच म्हणून सांगायचं तर ते शेवटच्या पट्ट्यासाठी राखून ठेवा. पण या बटणाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. स्क्रीनवर पट्टी उतरते; मैदानात पाठ सोलवटते.

आपल्याकडे यावर मोठा न्यायालयीन वाद झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या. शर्यतीत किती सेकंद लागले हे सगळे मोजत होते. जनावराला काय सोसावं लागलं हे न्यायालयाने मोजलं. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने आणि कर्नाटकानेही कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रात अटी घालून शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या. महाराष्ट्राच्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा झटका यांना मनाई आहे आणि अंतर १००० मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे आता बैल चांगला पाळला, वेळेवर खाऊ घातला, नियमित पळवला, तरच तो पळणार. शेवटच्या क्षणी मारून वेळ वाचवायचा रस्ता बंद. ल्यू वॉलेसच्या 'बेन-हर' या १८८० सालच्या कादंबरीतही नायकाचे अरबी घोडे प्रेमाने वाढवलेले आहेत. शर्यतीत त्यांच्यावर चाबूक ओढतो तो प्रतिस्पर्धी मेसाला.

एखादा आठवडा चाबकाचं बटण न दाबता खेळून बघा. पहिले काही डाव मागे पडाल. मग हात वळणाकडे आणि दमाच्या पट्टीकडे जास्त लक्ष द्यायला लागतील, कारण दुसरा आधारच नसेल. बटण परत वापराल तेव्हा ते कुठे दाबायचं हे कळलेलं असेल.

आणि गेम पैसे लावून खेळायचा असेल तर तो उघडूच नका. अशा ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. शिवाय नळासारखा सारथी राज्य गमावून बसला होता तो रथावर नव्हे, पणाला लावलेल्या फाशांवर.